सूट कोरडा, तरी हुडहुडी का?

थंड पाण्यात डाइव्ह करणाऱ्या आणि करू पाहणाऱ्या वाचकांची पत्रे या अंकासाठी एकत्र घेतली आहेत. मालवण किंवा गोव्याच्या उबदार समुद्रात शिकलेल्याला ड्रायसूटची, म्हणजे आत पाणी शिरू न देणाऱ्या बंद सूटची, गरजच पडत नाही. ती पडते परदेशी गेल्यावर, आणि पत्रेही बहुतेक तिथूनच आली आहेत.

प्रश्न : मालवणला आणि नेत्राणीला मिळून माझ्या 22 डाइव्ह झाल्या आहेत. एप्रिलमध्ये आइसलँडला सिल्फ्रामध्ये डाइव्ह करायची आहे. ड्रायसूट तिथे भाड्याने मिळेल, पण आत काय घालायचे? हिमालयातल्या ट्रेकसाठी घेतलेले थर्मल आणि आईने विणलेला स्वेटर चालेल का? (एक वाचक, पुणे)

सिल्फ्रा या खडकातल्या भेगेतले पाणी बारा महिने 2 ते 4 अंश असते. लांग्योकुल हिमनदीचे वितळलेले पाणी लाव्हाच्या खडकातून वर्षानुवर्षे झिरपत तिथे पोचते. म्हणून ते इतके नितळ असते, आणि म्हणूनच एप्रिल काय नि ऑगस्ट काय, गारठा तोच.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. ड्रायसूटचे काम पाणी बाहेर ठेवणे, एवढेच. भाड्याचा सूट पातळ तीनपदरी कापडाचा असेल, तर त्याची स्वतःची ऊब जवळजवळ शून्य. दाबलेल्या निओप्रीनचा (फेसाळ रबराचा) असेल तर थोडीफार. खरी ऊब धरते ती आतल्या कपड्यांच्या तंतूंमध्ये अडकलेली, कोरडी आणि न हलणारी हवा. पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने उष्णता ओढून नेते, त्यामुळे त्या हवेत ओल शिरली की ऊब गेलीच. ड्रायसूटमध्ये थंडी का वाजते, याचे कुठलेही उत्तर शेवटी इथेच येऊन थांबते: हवा कमी पडली, हवा हलली, किंवा हवा ओली झाली.

आता तुमचे कपडे. थर्मलची चिठ्ठी उलटून वाचा. मेरिनो लोकर, पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिएस्टर असेल तर अंगालगत तेच घाला. त्यात सुताचा मोठा वाटा असेल तर घरीच ठेवा, कारण सूत घाम पिते आणि तो अंगालाच धरून बसते. त्याच कारणाने आत सुती बनियन आणि जीन्सही नको. स्वेटर लोकरीचा असेल तर अगदीच वाया जाणार नाही, पण विणलेला स्वेटर काखेत आणि कोपरात गोळा होतो, आणि दाबाखाली त्याची जाडी उरत नाही. त्याऐवजी सूटबरोबर मिळणारा एकसंध अंडरसूट घ्या. थिन्सुलेट या बारीक कृत्रिम तंतूंच्या अस्तराचा, दर चौरस मीटरला 400 ग्रॅमचा, मिळाला तर उत्तम. हे बारीक तंतू दाबाखाली तुलनेने कमी चपटतात आणि थोडे ओलावले तरी बरीच ऊब धरून ठेवतात. पिसांचे जाकीट मात्र पाण्याखाली नकोच. ते दाबाने पापडासारखे होते आणि ओले झाले की संपले.

पायात एक पातळ आणि एक जाड लोकरीचा मोजा. बूट आवळत असेल तर जाड मोजा काढून टाका. घट्ट बुटात तिसरा मोजा कोंबला की रक्त पोचत नाही आणि बोटे उलट लवकर बधीर होतात. गळ्यातली साखळी, मंगळसूत्र, अंगठ्या, बांगड्या सगळे आधीच उतरवा. मानेच्या सीलखाली (पाणी अडवणाऱ्या घट्ट रबरी पट्टीखाली) केसांची एक बट किंवा साखळीचा एक पदर राहिला तरी त्या फटीतून पाणी छातीवर उतरते, आणि लांब नख लॅटेक्सचे सील फाडते.

सिल्फ्रामध्ये बऱ्याचदा हुड आणि हातमोजे ओले, म्हणजे निओप्रीनचे असतात. अर्ध्या तासात बोटे दुखू लागतील, ती तयारी ठेवा. आणखी महत्त्वाचे म्हणजे, ड्रायसूटचे प्रमाणपत्र किंवा ड्रायसूटमध्ये केलेल्या डाइव्हची नोंद दाखवल्याशिवाय तिथे डाइव्हला उतरता येत नाही. मालवणच्या 22 डाइव्ह त्यात धरल्या जात नाहीत. हा कोर्स आधी करून जा, किंवा तिथल्या मुक्कामात त्यासाठी दिवस राखून ठेवा. सूटमधली हवा पायाकडे धावली की माणूस उलटा होतो. त्यातून सावरायला आधी शिकावेच लागते.

प्रश्न : लेस्टरशायरच्या स्टोनी कोव्ह खाणीत हिवाळ्यात जातो. पहिली 25 मिनिटे मस्त जातात. पण शेवटी वर येताना, अंगातला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून, 6 मीटरवर थांबलो की दात वाजायला लागतात. महागडा नवा अंडरसूट घेऊ का? (एक वाचक, मँचेस्टर)

थांबा, आधी पट्ट्यातले शिसे तपासा. तुमच्या पत्रावरून तरी दोष कपड्यांचा वाटत नाही, वजन कमी पडते आहे.

हिशेब असा. 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाबाने हवा भरली की तिचे वजन साधारण 2.9 किलो होते. 50 बार उरेपर्यंत त्यातली 2.2 किलो तुम्ही श्वासातून बाहेर सोडलेली असते. म्हणजे डाइव्हच्या शेवटी तुम्ही सुरुवातीपेक्षा 2.2 किलोने हलके असता. सुरुवातीला वजन जेमतेम जमवलेले असेल, तर शेवटी वर तरंगू नये म्हणून तुम्ही सूटमधली उरलीसुरली हवा बाहेर काढता. अंडरसूट चपटा होतो, कापड अंगाला चिकटते, आणि नेमके त्याच वेळी तुम्ही हालचाल थांबवून एका जागी लोंबकळत असता. अशा वेळी हुडहुडी भरली नाही तरच नवल.

तपासायचे असे. डाइव्ह संपल्यावर सिलिंडरमध्ये 50 बार असताना 3 ते 5 मीटरवर थांबा. तरंगण्यासाठी हवा भरायचे जॅकेट पूर्ण रिकामे करा आणि सूटमध्ये इतकीच हवा ठेवा की कपडे फुललेले राहतील, छातीवर आणि मांड्यांवर वळ्या रुतणार नाहीत. या स्थितीत पाय न हलवता जागेवर राहता आले तर वजन बरोबर. वर जात असाल तर जोडीदाराकडून एकेक किलो मागून घेत पुन्हा करून बघा. जाड अंडरसूटला पातळ अंडरसूटपेक्षा जास्त शिसे लागते, त्यात कमीपणा काहीच नाही. कमीत कमी वजनात डाइव्ह करण्याची जी चढाओढ चालते, ती उबदार समुद्रातली आहे. पाच अंशांच्या पाण्यात तिचे काही काम नाही.

दुसरी तपासणी डाव्या दंडावरच्या हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हची. तो पूर्ण उघडा ठेवून तुम्ही डावा खांदा उंच करून तरंगत असाल, तर हवा आपोआप गळत राहते. थांब्यावर स्थिर झालात की तो दोन-तीन टिचक्या बंद करा आणि वर निघताना आठवणीने पुन्हा पूर्ण उघडा. ही आठवण राहत नसेल तर व्हॉल्व्ह उघडाच ठेवा आणि खांदे समपातळीत ठेवायला शिका.

एवढे करूनही थंडी वाजली तर मग अंडरसूटचा विचार करा.

प्रश्न : ओस्लोफियॉर्डमध्ये बाकी अंग ठीक असते, पण ड्राय ग्लव्ह (पाणी न शिरणारे हातमोजे) घालूनही बोटे वीस मिनिटांत लाकडासारखी होतात. (एक वाचक, ओस्लो)

तुमच्या हातमोज्यांमध्ये हवा पोचत नसावी. पृष्ठभागावर मोजा नीट फुगलेला दिसतो, पण 10 मीटरवर दाब दुप्पट होतो आणि त्यातली हवा निम्मी होते. मनगटाचे सील घट्ट असेल तर सूटमधली हवा तिकडे जाऊ शकत नाही. मग रबर आतल्या लोकरीला बोटांवर आवळते, ऊब धरणारी हवा जाते आणि रक्तही अडते.

त्यावर जुनाच उपाय आहे. 3 मिलिमीटर जाडीची लवचीक दोरी, साधारण 10 सेंटिमीटर लांबीची, मनगटाच्या आतल्या बाजूला सीलखालून अशी सरकवा की तिचे एक टोक मोज्यात आणि दुसरे बाहीत राहील. दोरीच्या दोन्ही बाजूंना जी बारीक फट पडते तिच्यातून हवा ये-जा करते. काहीजण पातळ नळीचा तुकडाही वापरतात. खाली जाताना दर काही मीटरला सूटमध्ये हवा घ्या आणि लगेच हात खांद्याच्या वर उचला. हवा वर चढते, मोज्यात शिरते, बोटांभोवतीचा आवळ सुटल्याचे लगेच कळते.

याला एक धोका जोडलेला आहे. मोजा कपारीत फाटला तर पाणी त्याच फटीतून बाहीत येईल. म्हणून सील काढून टाकू नका. दोरी बारीकच ठेवा, म्हणजे गळती संथ राहील. आणि मोजा फाटला की डाइव्ह तिथेच संपवा.

आतला मोजा लोकरीचा घ्या, पण मूठ सहज वळेल इतकाच जाड. पाण्यात उतरण्याआधी हात गारठले असतील तर ते खाली गेल्यावर गरम होणार नाहीत, त्यामुळे किनाऱ्यावर उघड्या हातांनी ओले सामान हाताळू नका. छाती-पोट गार पडू लागले की शरीर आधी बोटांचे रक्त कमी करते. म्हणून कधीकधी हातांचा इलाज धडावर करावा लागतो. एक पातळ बिनबाह्यांचे जाकीट वाढवून बघा.

दर पाच मिनिटांनी अंगठा करंगळीला टेकवून पाहत जा. टेकत नसेल तर तुम्हाला इन्फ्लेटरचे, म्हणजे हवा भरण्याचे, बटण किंवा हुक नीट चालवता येणार नाही. गेजमध्ये हवा कितीही असो, वर निघा.

प्रश्न : टोबरमोरीला ह्युरॉन सरोवरात डाइव्ह करते. प्रत्येक वेळी अंडरसूट ओला निघतो. दुकानदार म्हणतो सूट कुठेही गळत नाही. (एक वाचक, टोरोंटो)

दुकानदाराचे खरे असू शकते. समुद्रात असता तर जिभेनेच निकाल लागला असता, ओल खारट की नाही ते. गोड्या पाण्यात ते चालत नाही, म्हणून ओल कुठे आहे ते पाहा.

गळतीला ठिकाण असते. मनगटापासून कोपराकडे लांबट ओला पट्टा असेल तर तो मनगटातल्या कंडरांमुळे. जड वस्तू घट्ट धरली की मनगटाच्या आतल्या बाजूला स्नायूंच्या दोऱ्या उभ्या राहतात आणि त्यांच्यामधल्या पन्हळीतून पाणी आत येते. सील वर सरकवून हाताच्या गोलसर भागावर बसवा. छातीचा वरचा भाग ओला असेल तर मानेचे सील, पाठ किंवा खांद्याची रेघ ओली असेल तर चेन, आणि फक्त डावा दंड ओला असेल तर हवा सोडण्याचा व्हॉल्व्ह. त्यात लोकरीचे तूस किंवा वाळूचा कण अडकतो. घरी मनगटांच्या सीलमध्ये बाटल्या आणि मानेत चेंडू बसवून सूट फुगवा आणि साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधा.

सगळीकडे सारखाच दमटपणा असेल, सूटच्या आतल्या अंगाला दव धरल्यासारखे थेंब असतील, तर तो तुमचाच घाम आहे. खोल सरोवरात तळाचे पाणी भर उन्हाळ्यातही 4 अंशांच्या आसपास राहते, कारण गोडे पाणी त्याच तापमानाला सर्वांत जड असते. वर मात्र हवा 28 अंश. जाड अंडरसूट घालून, चेन लावून, बोटीवर सिलिंडर उचलत वीस मिनिटे काढली की अंग घामाने भिजते आणि खाली गेल्यावर ती वाफ गार कापडावर पाणी होऊन बसते.

त्यामुळे क्रम बदला. सगळे जड काम आधी, पातळ कपड्यांत. डाइव्हची आखणी, सामानाची तपासणी, लघवी सगळे उरकून घ्या. सूट कमरेपर्यंतच चढवून ठेवा आणि चेन अगदी शेवटी लावा. उशीर होतोय असे दिसले तर सूटवर बादलीभर पाणी ओतून घ्या. दोन डाइव्हच्या मधे अंगालगतचा थर बदला, निदान तो तरी नक्कीच. आणि अंडरसूट धुताना कपडे मऊ करणारे द्रावण वापरू नका. त्याचा थर तंतूंवर बसतो आणि मग घाम बाहेरच्या थराकडे ओढला जात नाही.

प्रश्न : सूटमध्ये हवेऐवजी अरगॉन भरला तर किती फरक पडतो? (एक विद्यार्थी, वास्को)

कागदावर बराच. अरगॉनची उष्णतावहनक्षमता हवेच्या दोन तृतीयांश आहे. पण सूटमध्ये उष्णता फक्त वायूतून जात नाही. ती तंतूंतून, दबलेल्या जागांतून, मानेतून, हातांतूनही जाते. शिवाय सूट घातल्यावर आत हवा असतेच. ती दोन-तीनदा पूर्ण फुगवून-सोडून काढली नाही तर तुम्ही अरगॉन-हवेचे मिश्रणच वापरत असता. प्रत्यक्ष चाचण्यांचे निकालही एकसारखे नाहीत. आमचे मत असे की तोच खर्च आधी चांगल्या अंडरसूटवर करावा.

हेलियमचे मात्र नेमके उलट आहे. तो हवेच्या सुमारे सहापट वेगाने उष्णता नेतो, त्यामुळे हेलियम असलेले श्वसनाचे मिश्रण सूटमध्ये कधीही भरायचे नाही. आणि अरगॉनच्या बाटलीला तोंडाने ओढायचा रेग्युलेटर चुकूनही जोडू नका. त्यात प्राणवायू नसतो, माणूस कसलीही चाहूल न लागता बेशुद्ध पडतो.

प्रश्न : बॅटरीवर तापणारे जाकीट घेतले आहे. पाण्यात उतरल्यापासूनच पूर्ण तापवावे का? (एक वाचक, गोथेनबर्ग)

नाही. अमेरिकन नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग केंद्राने 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तळाशी उबदार आणि वर येताना गार ही जोडी डीकॉम्प्रेशनच्या आजारासाठी (वर येताना अंगातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्यासाठी) सर्वांत वाईट ठरली, आणि तळाशी गार, वर येताना उबदार ही सर्वांत चांगली. कारण समजायला सोपे आहे. अंग उबदार असताना रक्त जोरात फिरते आणि ऊतींमध्ये जास्त नायट्रोजन शिरतो. नंतर गारठल्यावर रक्तवाहिन्या आकसतात आणि तो नीट बाहेर पडत नाही.

तुम्ही सुरुवातीला पूर्ण तापवले आणि थांब्यावर बॅटरी संपली, तर तुम्ही नेमक्या त्याच वाईट जोडीत सापडता. म्हणून तळाशी बंद किंवा सर्वांत कमी, वर यायला लागल्यावर वाढवा. बॅटरी गारठ्यात लवकर उतरते, तेव्हा डब्यावर लिहिलेल्या वेळेवर विसंबू नका. अंडरसूट असा निवडा की जाकीट मध्येच बंद पडले तरी सगळे थांबे घेऊन वर येता येईल. जाकीट पातळ थराच्या वर घाला, उघड्या कातडीवर नको. गारठलेल्या त्वचेला भाजल्याचे उशिरा कळते. आणि विजेवर तापणारे काही आत असेल तर सूटमध्ये जास्त प्राणवायूचे मिश्रण भरू नका. आग लागण्याचा धोका असतो.

प्रश्न : विचारायला संकोच वाटतो, पण गार पाण्यात सारखी लघवीला होते म्हणून मी सकाळपासून पाणीच पीत नाही. (एक वाचक, एडिंबरा)

संकोच अजिबात नको, हा प्रश्न प्रत्येकाचा आहे. पाण्यात बुडालेले आणि गारठलेले शरीर हातापायांचे रक्त धडाकडे ओढते, आणि मूत्रपिंडे तो जादा द्रव समजून बाहेर टाकतात. पाणी न पिता ते थांबत नाही, फक्त रक्त दाट होते. मोठ्यांचा डायपर हा सर्वांत सोपा उपाय आहे, पुष्कळ अनुभवी डायव्हर तोच वापरतात. लांब डाइव्ह नेहमीच्या झाल्या तर सूटच्या मांडीवर बसवायचा लघवीचा व्हॉल्व्ह घेता येतो. स्त्रियांसाठी चिकटणाऱ्या वाटीची सोय असते.

प्रश्न : सूटचे हवा भरण्याचे बटण गारठ्यात अडकून सूट फुगतच गेला, तर काय करायचे? (तोच वाचक, ओस्लो)

एकाच वेळी दोन गोष्टी. डावा दंड वर करून व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, आणि उजव्या हाताने छातीवरची नळी ओढून काढा. नळी सुटली की भरणे थांबते. त्यानंतर आणखी खोल जायचे नाही, तरंगण्यासाठी जॅकेट वापरत शांतपणे वर यायचे. हे उथळ पाण्यात, हिवाळ्यातलेच जाड हातमोजे घालून, डोळे मिटून जमेपर्यंत करा. नळीच्या जोडाची कडी मोज्यातून पकडता येत नसेल तर मोठ्या मुठीची बसवून घ्या.

बटण अडकते ते बर्फामुळे. दाबाखालची हवा एकदम पसरली की ती खूप गार होते, आणि जोडात राहिलेला पाण्याचा थेंब गोठतो. म्हणून नळी जोडण्यापूर्वी जोड फुंकून कोरडा करा आणि बटण दाबून धरू नका, एकेका सेकंदाच्या टिचक्या मारा. रेग्युलेटरलाही हेच लागू आहे. किनाऱ्यावर गोठलेल्या हवेत त्यातून श्वास घेऊन बघू नका, आणि त्यावर 10 अंशांपेक्षा जास्त तापमानासाठीची खूण असेल तर तो हिवाळ्यात नेऊच नका.

प्रश्न : डाइव्हनंतर लगेच कढत पाण्याने आंघोळ केली तर चालेल का? (एक वाचक, मँचेस्टर)

लगेच नको. अंगात विरघळलेला नायट्रोजन अजून बाहेर पडायचा असतो. कातडी एकदम तापली की तिथे वायू विरघळून राहण्याची क्षमता कमी होते आणि बुडबुडे होऊ शकतात. आधी आडोशाला जा, ओले थर काढा, अंग पुसून कोरडे कपडे, टोपी आणि वारा अडवणारे जाकीट घाला. गोड गरम चहा किंवा सूप घ्या, दारू नको, ती कातडीच्या रक्तवाहिन्या रुंदावून ऊब घालवते. कापरे पूर्ण थांबले, बोटे नेहमीसारखी वळू लागली, की मग कोमट पाण्याने आंघोळ करा. कापरे थांबले पण माणूस अडखळत बोलतो आहे, गोंधळल्यासारखा वागतो आहे असे दिसले, तर ते बरे होण्याचे लक्षण समजू नका. शरीराचे तापमान 35 अंशांच्या बरेच खाली गेले असू शकते. त्याला आडवा करून गुंडाळा, चालवू नका, आणि रुग्णवाहिका बोलवा.